रिकाम्या रेडिओची खरखर

गाणं रंगात आलेलं असताना रेडिओ खरखरला की कोणीही वैतागतो. कोणी त्याला थापट्या मारतो, कोणी फिरवून बघतो, कोणी सरळ बंद करतो. केनवडच्या चंपतच्या रेडिओला असं काही करायची मात्र कोणाची छाती नव्हती. वाडीत नव्यानं कामाला आलेल्या बाईनं चुकून त्याच्या बटणाचा कान पिळायला हात पुढे केला, की एरवी गाईसारखा गरीब असलेला हा माणूस अंगावर धावून जायचा. "हात नोको लावू! खरखरू दे त्याले!"

गावाच्या शिवेला चंपतची दोन एकराची भाजीपाल्याची वाडी. वांगे, मिरची, तारेवर चढवलेले टमाटे आणि धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या वाफ्यांत सांभार, म्हणजे कोथिंबीर. वाडीच्या मधोमध एक जाड बांबू रोवलेला आणि त्या बांबूला पट्ट्यानं लटकवलेला रेडिओ. सकाळी कामाला हात लागला की तो सुरू व्हायचा आणि सुट्टी झाली की बंद. बातम्या, भजनं, सिनेमाची गाणी, खतांच्या मात्रा, मध्येच अर्धा तास चालणारी, कोणालाच न कळणारी एखादी तान. जे लागेल ते सगळ्यांनी ऐकायचं. आवडलं नाही तर केंद्राच्या नावानं बोटं मोडायची, पण ऐकायचं.

या वाडीत एक कायदा होता. रेडिओच्या मीडियम वेव्हवर बोलणाऱ्या बाईचा शब्द खरखरीनं एकदा तुटला तर काम चालू द्यायचं. एका दमात तीनदा तुटला की हातातलं खुरपं जाग्यावर टाकायचं आणि विहिरीजवळच्या स्लॅबच्या खोलीत यायचं. डोक्यावर आभाळ निळं असलं तरी यायचं. वीज लांब कुठे कडाडली तरी ती रेडिओला आधी कळते, गडगडाट कानावर यायच्या कितीतरी आधी. हे चंपतला त्याच्या बापानं शिकवलं होतं. रोजानं येणारी चंदाबाई, जिच्या जिभेला हाड नव्हतं, ती या रेडिओला हवामान खात्याचा जावई म्हणायची. "जावयाचं पोट बिघडलं वाट्टे, चला वं बायाहो," असं म्हणत ती सगळ्यांत आधी खोलीत शिरायची. हसत का होईना, शिरायची. आसपासच्या शिवारात दर वर्षी विजेनं कोणाचा तरी बैल जायचा, कोणाचा तरी नवरा जायचा. चंपतच्या वाडीत पस्तीस वर्षांत कोणाच्या केसाला धक्का लागला नव्हता.

पस्तीसच का, हे गावाला ठाऊक होतं. त्यामागचं खरं मात्र फक्त चंपतला.

उकंडा त्याचा धाकटा भाऊ. वीस वर्षांचा, सोयरीक जुळलेली. भाद्रपदातली दुपार होती. उकंडा मिरचीत निंदत होता आणि चंपत खोलीच्या दारात नवा रेडिओ मांडीवर घेऊन बसला होता. बासरीनं सुरू होणारं एक गाणं लागलं. चंपतचा त्या गाण्यावर एवढा जीव होता की त्यासाठी तो भरल्या ताटावरून उठायचा. आणि नेमकी त्याच गाण्यात खरखर घुसली. चंपतनं रेडिओ उभा केला, आडवा केला, फिरवत फिरवत अशा बाजूनं धरला की खरखर दबली आणि बासरी स्वच्छ झाली. तिकडून उकंडानं विचारलं, "भाऊ, रेडिओ खरखरून राह्यला का? येऊ का आत?"

"कायची खरखर? काई नाई. गानं होऊ दे, मंग ये."

गाणं संपायच्या आत मिरचीवर पांढरा उजेड पडला आणि उकंडा राहिला नाही. गाव म्हणालं, दैव. चंपतनं म्हणू दिलं. रेडिओ कोणत्या बाजूनं धरला होता, हे त्यानं ना आईला सांगितलं, ना बायकोला, म्हणजे प्रयागबाईला. ते गाणं पुढे कधी लागलंच तर तो मुकाट उठून विहिरीवर जायचा आणि मोटर सुरू करायचा. मोटरच्या आवाजात बासरी बुडाली, की परत यायचा.

असं सगळं ठीक चाललं होतं. मग मोबाइल आले.

म्हणजे मोबाइल आधीही होते, पण गेल्या दिवाळीला चंपतच्या पोरानं, नवीननं, बायकोला मोठ्या काचेचा घेऊन दिला, सोबत कानात घालायचा हेडफोन. रेणूला या घरात येऊन आठ वर्षं झाली होती. कामाला वाघ. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू द्यायची नाही, आणि चंपत तिला नावानं हाक मारायचा नाही. नातीचं नाव राधिका, म्हणून ही 'राधिकेची माय', आणि तेही प्रयागबाईला उद्देशून. दोघं एकाच ओसरीत बसलेली असली तरी निरोप प्रयागबाईला वळसा घालूनच पोचायचा.

तर रेणूच्या मोबाइलमध्ये गाण्यांचं काहीतरी होतं. ते म्हणे माणसाची आवड शिकतं. चार गाणी ऐकली की पाचवं मनातलं लावतं.

"मावशे, आपल्याले सांगावंबी नाई लागत," रेणू चंदाबाईला कौतुकानं सांगत होती. "त्याले आपोआप समजते आपल्याले काय पायजे ते."

"माह्या नवऱ्याले चाळीस वर्षं नाई समजलं वं माय!" चंदाबाई म्हणाली आणि दुसऱ्याच महिन्यात तिनं लेकाच्या मागे लागून तसाच मोबाइल मिळवला. मग बेबीताई का मागे राहते? ती तर चंदाबाईची शेजारीण, तिच्याच जोडीनं वाडीत रोजानं येणारी, आणि हौसेला कुठेच कमी नव्हती.

चंदाबाईच्या कानात भजनं, बेबीताईच्या कानात जुन्या हिंदी सिनेमाची गाणी, रेणूच्या कानात हळदीची, लग्नाची. बांबूवरचा रेडिओ एकटाच बोलत राहायचा. वाडीतल्या गप्पा बंद झाल्या, भांडणं बंद झाली. एकीचे ओठ हलायचे, दुसरी मध्येच स्वतःशी हसायची, तिसरीच्या डोळ्यांत उगाच पाणी यायचं, आणि एकीचं दुसरीला काही कळायचं नाही. चंपत धुऱ्यावरून बघत राहायचा. वैशाखात एकदा आगाप, वेळेआधीच ढग आले, रेडिओ खरखरला, चंपतनं हाक मारली आणि एकीनंही मान वर केली नाही. त्या दिवशी ढग नुसतेच गेले. चंपतला मात्र दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

त्यानं नवीनला गाठलं. "बायाहिले आवाज जात नाई गा. उद्या काई झालं तर?"

"बाबा, तुमी कायले घाबरता? मोबाइलवर वीज पडाचा मेसेज येते ना आता."

येत होता, खोटं कशाला बोला. जूनपासून रोज येत होता. जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस. जिल्हा केवढा, आणि तुरळक म्हणजे कोणाची वाडी? आठवड्याभरात तो मेसेज उघडणं सगळ्यांनी सोडून दिलं. चंपतनं बायांना विनवलं, निदान एक कान मोकळा ठेवा. चार दिवस ठेवला.

आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रेडिओच मेला.

केंद्रावरच्या बाईनं रोजच्याच गोड आवाजात सांगितलं की मीडियमवरचं हे प्रसारण आजपासून बंद होत आहे, आता आम्हाला मोबाइलवर ऐका. नमस्कार म्हणाली. मग सूं असा आवाज सुरू झाला आणि सूंच राहिला. चंपतनं काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. उन्हं स्वच्छ होती, सगळीकडे सूं. त्यानं रेडिओ बांबूवरून काढला, धूळ पुसली आणि खोलीतल्या फळीवर ठेवून दिला. सेल काढून घ्यायचं त्याच्या जिवावर आलं.

वीज बोलणाऱ्याचा शब्द तोडते, असंच तो आयुष्यभर समजत आला होता. आता बोलणाराच नाही, तर तुटणार काय? राखणदार गेला होता. भादवा आला, आश्विन आला, आणि दुपार कलली की चंपत आभाळाकडे बघत बसायचा. एक ढग दिसला तरी त्याच्या हातातली भाजीची जुडी सुटायची. बायांना सतरांदा आत बोलावून त्यानं आपलं हसं करून घेतलं. अठराव्यांदा कोणी आलं नाही.

बापाची ही दशा नवीनला बघवेना. घटस्थापनेला त्यानं आपला जुना मोबाइल आणि मूठभर आकाराचा स्पीकर खोलीतल्या फळीवर, रेडिओच्या शेजारीच आणून ठेवला. "बाबा, मन रमवा. तुमच्या जमान्यातले गाने हायेत. काई करा लागत नाई, आपोआप वाजते."

वाजायला लागलं. आणि खोटं कशाला, चंपतला गोडही लागलं. सांभाराच्या जुड्या बांधता बांधता तो मान डोलवायचा. यंत्र त्याची आवड शिकत गेलं. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी बासरी वाजली.

चंपतचे हात जागच्या जागी गोठले. त्यानं या यंत्राला काही सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. पस्तीस वर्षं जे तोंडातून निघू दिलं नाही ते या काचेच्या तुकड्याला कुठून कळलं? उठून विहिरीवर जायचंही त्याला सुचलं नाही. गाणं पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत वाजलं आणि त्याच्या डोळ्यांसमोर मिरचीचा वाफा हलत राहिला. कपाळावरचा घाम पुसत तो उठला आणि हे गाणं पुन्हा येऊ नये म्हणून काचेवर काही सापडतं का ते बघू लागला. अक्षरं बारीक, इंग्रजी. एका कोपऱ्यात बदामाचं चित्र होतं. मातीनं भरलेला अंगठा त्यानं त्यावर जोरात दाबला. बदाम लाल झाला. लाल म्हणजे बंद, असं समजून त्यानं सुटकेचा श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी बासरी दोनदा वाजली. मग रोज वाजू लागली. कधी सकाळी, कधी दुपारी, कोणत्याही गाण्यामागून. नवीनला सांगावं तर तो विचारणार, या गाण्यानं काय घोडं मारलं? मग चंपत मोटरीकडे धावायचा. मोटर बंद करून परत येताना दुसरं गाणं लागलेलं असायचं आणि ते ऐकताना त्याला वाटायचं, यंत्र आपल्याकडे बघतंय. उकंडाच परत परत विचारून राह्यला, येऊ का आत? हा विचार एकदा मनात आला तो जाईना.

दसरा होऊन आठवडा झाला होता. ऊन असं तापलेलं की कोणाला पावसाची शंकाही येऊ नये. फक्त अनसिंग गावाच्या अंगाला, अगदी खाली, कापसाच्या बोंडाएवढा एक पांढरा ढग. चंदाबाई आणि बेबीताई वांग्यात निंदत होत्या. रेणू पार तिकडच्या टोकाला टमाट्याचे वेल तारेला बांधत होती. खांबाखांबांवरून ओढलेली ती लोखंडी तार वाडीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेली. चंपत खोलीच्या दारात जुड्या बांधत होता.

बासरी वाजली.

चंपत उठला, विहिरीवर गेला, स्टार्टरचं बटण दाबलं. लाईन नव्हती. पुन्हा दाबलं. मोटर मेल्यासारखी गप्प, आणि खोलीतून बासरी येतच होती. तो परत आत आला. काचेवर बोटं घासली, ती ओली होती, काचेनं ऐकलं नाही. गाणं पुढे सरकत होतं. थोड्याच वेळात ती ओळ येणार होती, ज्या ओळीवर मिरचीत उजेड पडला होता. काहीतरी आवाज हवा होता, कसलाही, त्या गाण्याला बुडवणारा. फळीवर शेजारीच रेडिओ होता. चंपतनं त्याचा कान पिळला, शेवटपर्यंत.

सूं.

आणि मग, खर्र.

चंपत थांबला. खर्र. खर्र खर्र. केंद्र नव्हतं, बाई नव्हती, शब्द नव्हता, तरी तुटत होतं. खर्र. म्हणजे खरखर कधीच केंद्राची नव्हती. ती आभाळाची होती, आणि आभाळ कुठे गेलं होतं? दीड महिना राखणदार फळीवर जागा होता आणि आपण त्याला मेला समजून बंद ठेवलं होतं. एका दमात तीन नाही, सात-आठ, आता तर मोजताही येईनात.

तो दारात आला. ऊन पडलेलं होतं. पांढरा ढग मात्र आता भिंतीएवढा झाला होता आणि त्याचं पोट काळं होतं.

"बायाहो! आत या! चंदाबाई! आत या वं!"

कोणी वर बघितलं नाही. तीन बाया आपापल्या गाण्यात वाकलेल्या. चंपत वांग्यात धावला. साठी उलटलेली, गुडघ्याची वाटी दुखरी, पण धावला. चंदाबाईच्या कानातली दोरी त्यानं हिसकली. ती शिवी द्यायला वळली आणि त्याचं तोंड बघून तिची शिवी तोंडातच राहिली. "खरखर," एवढंच तो म्हणाला. पुढचं तिला सांगावं लागलं नाही. तिनं बेबीताईचा हात धरला आणि दोघी खोलीकडे पळाल्या.

उरली रेणू. दीडशे पावलं लांब, पाठमोरी, दोन्ही हात तारेवर.

"राधिकेची माय!" चंपत ओरडला. "राधिकेची माय, तार सोड!" मग आठ वर्षांत पहिल्यांदा तो नावानं ओरडला. "रेणू! अवं रेणू!" ती सुतळीला गाठ मारत होती, मान हलवत होती, कुठल्यातरी हळदीत रमली होती. चंपतनं ढेकूळ उचललं आणि सुनेला मारलं. ते चुकलं. दुसरं तिच्या पाठीत बसलं. ती दचकून वळली, सासऱ्याला बघितलं आणि घाईघाईनं डोक्यावर पदर ओढला. हेडफोन पदराखाली झाकला गेला. मामाजी रागावले, आपलं काहीतरी चुकलं, असं समजून ती रीतीप्रमाणे खाली मान घालून उभी राहिली. आणि आधाराला तिनं पुन्हा तार धरली.

बोलून उपयोग नव्हता. सासऱ्यानं सुनेच्या अंगाला हात लावायचा नाही, हे त्याच्या हाडांत मुरलेलं होतं. तिच्याजवळ पोचल्यावर त्याचा हात खरोखरच क्षणभर अडला. मग त्यानं तिचं मनगट धरलं, तारेवरून ओढून काढलं आणि पळत सुटला. बांगड्या फुटल्या. रेणू किंचाळली, "मामाजी! काय झालं? राधिकेले काई झालं का?" तो उत्तर द्यायला थांबला नाही. वांग्याच्या सऱ्या तुडवत, पडत, उठत, तो तिला ओढत राहिला. उजेड एकाएकी मळकट झाला होता. खोलीच्या दारातून चंदाबाई दोन्ही हातांनी बोलावत होती, आणि तिच्या मागून रेडिओचा आवाज येत होता, कढईत मोहरी तडतडावी तसा.

ते उंबऱ्याच्या आत पडले आणि बाहेर सगळं पांढरं झालं.

आवाज नंतर आला. स्लॅब हादरला, फळीवरचा डबा खाली पडला, बेबीताई कानावर हात ठेवून रडायला लागली. मग जळका वास आला. चंपतनं डोळे उघडले तेव्हा टमाट्याच्या तारेचा एक तुकडा लोंबत होता आणि दोन खांब धुमसत होते. ज्या वेलाला रेणूनं गाठ मारली होती तो वेल तिथे नव्हता. पाऊस अजून सुरूही झाला नव्हता.

"एक, दोन, तीन," चंपत मोजत होता. तिघी होत्या. त्यानं पुन्हा मोजलं. मग पुन्हा.

रेणूच्या गळ्यात निसटलेला हेडफोन लोंबत होता आणि त्यातून बारीक हळदीचं गाणं येत होतं. आणि फळीवर बासरी. बाहेर आभाळ फाटलं तरी ती थांबली नव्हती. ती ओळ कधीच होऊन गेली होती, गाणं आपलं शेवटच्या कडव्यात पोचलं होतं.

"बंद कर ते," चंपत म्हणाला. मधे प्रयागबाई नव्हती, तो सरळ सुनेशीच बोलला. "तुह्या पाया पडतो, बंद कर."

रेणू उठली. तिनं पदरानं हात पुसून काचेवर बोट फिरवलं. गाणं थांबलं. ती काचेकडे बघतच राहिली. "मामाजी, हे तर तुमीच आवडते म्हनून ठेवलं. हा लाल बदाम दाबला ना तुमी. म्हनून ते घडीघडी लावते."

"म्या मिटवाले दाबलं होतं," चंपत म्हणाला आणि लहान लेकरासारखा रडायला लागला.

मग पाऊस आला आणि त्या पावसात, तीन बायांसमोर, पस्तीस वर्षांचं सगळं बाहेर पडलं. मिरचीचा वाफा, मांडीवरचा रेडिओ, तो कोणत्या बाजूला फिरवला ते, आणि उकंडाला काय उत्तर दिलं ते. चंदाबाई, जी कोणालाही चिमटा काढल्याशिवाय सोडत नसे, तिनं माठातलं पाणी भांड्यात ओतून त्याच्यापुढे ठेवलं. रेणू आपलं मनगट चोळत होती. त्यावर पाच बोटं लाल उमटली होती. चंपतनं ती बघितली आणि शरमेनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

दुसऱ्या दिवशी नवीननं नवी तार ओढली आणि रेडिओ रेणूनं स्वतः बांबूला बांधला. काटा कोणत्याच केंद्रावर नव्हता, नुसत्या सूं आवाजावर. रिसोडला जाणारे लोक थांबून विचारायचे, "चंपतभाऊ, रेडिओ बिघडला का तुमचा?" चंपत नुसता हात हलवायचा. हेडफोन दोन दिवस बंद राहिले. तिसऱ्या दिवशी बेबीताईनं एका कानात घातला, मग चंदाबाईनं. चंपत धुऱ्यावरून कोणाचा कोणता कान मोकळा आहे ते बघत फिरायचा आणि त्याची भीती काही कमी होत नव्हती. उलट आता ती त्याला ऐकू येत होती, दिवसभर, सूं, सूं. सेल उतरले तर? हा डबा बिघडला तर? रिसोडच्या दुकानदारानं सांगितलं होतं, असे रेडिओ आता येत नाहीत आणि याचे भागही मिळत नाहीत.

चौथ्या दिवशी दुपारी ढग पुन्हा आले. चंपत बांबूजवळच होता. खर्र झालं. तो मोजू लागला. दुसरं झालं, तिसरं झालं. ओरडायला त्यानं तोंड उघडलं आणि आवाजच निघाला नाही. हात आपोआप रेडिओकडे गेला आणि त्याच्या लक्षात आलं की आपण तो फिरवतो आहोत, हळूहळू, खरखर दबते त्या बाजूला. भ्यालेला हात ऐकत नव्हता.

"मावशे! बेबीताई! खुरपे टाका!"

आवाज रेणूचा होता. दोघी उठल्या, पळाल्या. खोलीच्या दारातून रेणूनं मागे वळून मोजलं आणि एक माणूस कमी भरलं.

ती परत आली. धावत, वांग्याच्या सऱ्यांवरून उड्या टाकत. पदर डोक्यावरून केव्हाच घसरला होता आणि तिनं तो सावरला नाही. बांबूखाली उभ्या असलेल्या सासऱ्याचं मनगट तिनं घट्ट धरलं.

"चला मामाजी," ती म्हणाली. "खरखर झाली."